बसलेली गाडी : शेंद्र्याच्या आरएस मोटारींच्या सस्पेन्शनचा मागोवा

शेंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून स्कोडाची ऑक्टाव्हिया 2001 साली बाहेर पडू लागली आणि 2004 मध्ये तिची आरएस आवृत्ती आली. 1.8 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 150 अश्वशक्ती आणि कडक सस्पेन्शन असलेली ही सेडान म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या मातीत जुळवलेली पहिली खरी वेगवान मोटार. 2011 मध्ये लॉरा आरएस आली, तर 2017 मध्ये 230 अश्वशक्तीची नवी ऑक्टाव्हिया आरएस. यातल्या पहिल्या गाड्यांनी आता विशी ओलांडली आहे. नीट सांभाळलेले इंजिन या वयातही खणखणीत असते. आधी थकते ते सस्पेन्शन, आणि त्याचे निदान बरीच वर्षे चुकीच्या टोकाकडून होत आले.

गाडी एका बाजूला झुकली किंवा खाली आली की ‘शॉकअप गेले’ हा गॅरेजमधला ठरलेला निष्कर्ष. पण गाडीचे वजन तोलते आणि उंची राखते ती स्प्रिंग. शॉकअपचे काम स्प्रिंगची उसळी आवरण्याचे. वायूचा दाब भरलेला शॉकअप काही मिलिमीटरचा टेकू देतो, त्याहून जास्त नाही. पहिल्या ऑक्टाव्हियाच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहे. फोर्डने 1950 च्या सुमारास रुळवलेल्या या रचनेत स्प्रिंग आणि शॉकअप एकाच जुळणीत बसतात, त्यामुळे दोहोंची गल्लत सहज होते. नवे महागडे शॉकअप बसवूनही गाडी बसलेलीच राहिली, तर कारण बहुधा हेच असते.

मराठवाड्याच्या रस्त्यांनी या गाड्यांची परीक्षा दोन बाजूंनी घेतली. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरच्या डांबरी रस्त्याला लांबट लाटा पडतात. अशा लाटांवर शॉकअप सतत वरखाली होतो आणि तेल तापते. दुसरी बाजू खड्ड्यांची. अजिंठ्याकडे जाणारा रस्ता चौपदरीकरणासाठी उखडून वर्षानुवर्षे रखडला, तेव्हा त्यावरून नेमाने जाणाऱ्या बुटक्या गाड्यांचे बंप स्टॉप आणि लिंक रॉड आधी गेले. चाळिशीपार जाणारा उन्हाळा रबरी बुश कडक करून तडकवतो, तो भाग वेगळाच.

उंची मोजण्याची रीत साधी आहे, पण तयारी काटेकोर हवी. जमीन सपाट, टायरमधली हवा कंपनीने सांगितल्याइतकी, डिकी रिकामी. जॅकवरून उतरवलेली गाडी दोनचार मीटर पुढेमागे ढकलून घ्यायची, नाहीतर टायर आत ओढलेले राहतात आणि गाडी खोटी उंची दाखवते. मग टेप चाकाच्या केंद्रापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत धरायची. जमिनीपासून मोजले तर टायरची झीजही हिशेबात येते, म्हणून केंद्रापासून. चारही आकडे लिहून घ्यायचे. डाव्या-उजव्यात साधारण 10 मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर खाली बसलेल्या बाजूची स्प्रिंग बॅटरी मारून तपासायची. स्प्रिंग बहुतेकदा सर्वांत खालच्या वेढ्याशी तुटते, कारण पाणी आणि माती तिथेच साठते. तुटलेला तुकडा वाटीतच बसून राहतो, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला स्प्रिंग अखंड वाटते. नवी स्प्रिंग जोडीनेच बदलावी आणि जुनीवरचे रंगाचे पट्टे जुळवून घ्यावी. एकाच मॉडेलला साध्या, स्पोर्ट्स आणि खराब रस्त्यांसाठीच्या वेगवेगळ्या स्प्रिंगा येतात, आणि चुकीची जोडी बसली की मोजलेल्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

स्प्रिंगचे वेढे कापून गाडी बुटकी करण्याचा प्रकारही शहरात दिसला. कापलेली स्प्रिंग जास्त कडक होते, तिचे टोक वाटीत नीट बसत नाही आणि शॉकअपला हालचालीला जागा उरत नाही. अशी गाडी विकत घेणाऱ्याने कापलेल्या स्प्रिंगा आधी काढून टाकणेच योग्य.

उंची ठीक निघाली तर मोर्चा शॉकअपकडे वळवायचा. कोपरा दाबून सोडण्याची जुनी चाचणी साध्या गाडीवर उपयोगी पडते, पण आरएसची स्प्रिंग हाताने जेमतेम दबते. तिथे टायरवरून हात फिरवणे जास्त बोलके ठरते. रबरावर ठराविक अंतराने उंचसखल लागले तर चाक रस्त्यावर आदळत धावले आहे. रॉडवर तेलाचा पातळ ओलावा चालतो, ओघळ चालत नाही. धुळीचे कव्हर फाटलेले आणि बंप स्टॉपचा भुगा झालेला असेल तर रॉडवर ओरखडे पडून सील लवकरच जाणार.

लॉरा आरएसने प्रश्न आणखी गुंतवला. जुन्या ऑक्टाव्हियाचा मागचा आडवा बीम जाऊन त्या जागी अनेक आर्म आणि प्रत्येकाच्या टोकाला बुश आले. लिफ्टवर चाके लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले की गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते, काही महिन्यांत फाटते आणि तोवर गाडीला खोटी उंची देते. शेवटचा आवळा नेहमीच्या उंचीवरच द्यावा लागतो. आधी मोजून ठेवलेला आकडा इथे पुन्हा कामी येतो.

डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि शहराच्या जुन्या आरएस गाड्यांना प्रथमच शेजारी ताशी 120 किलोमीटर वेगमर्यादेचा सलग रस्ता मिळाला. शहरात न जाणवणारा थकवा तिथे लगेच कळतो. काँक्रीटच्या जोडांवर मागची बाजू तरंगते, लेन बदलताना गाडी एकदा जास्त डुलते, आणि ब्रेक दाबताच नाक खाली जाऊन एका बाजूला ओढते. पहिली दोन लक्षणे शॉकअपची. तिसऱ्यात मात्र ब्रेक तपासून झाल्यावर पुढच्या लोअर आर्मचा मागचा बुश पाहायचा : टॉमी घालून हलवला तर फट दिसते.

अलाइनमेंट सर्वांत शेवटी. गाडी बसली की चाकांचा वरचा भाग आत कलतो, टो बदलतो आणि टायरची आतली कड खाल्ली जाते. उंची दुरुस्त न करता मशीनवर कितीही अचूक कोन लावले तरी स्प्रिंग बदलताच ते पुन्हा हलतात आणि अलाइनमेंटचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.