घरगुती चित्रफितींच्या नकला व त्यांच्या मित्या

पोथीच्या अखेरीस घातलेला शक हा पुष्कळदां ग्रंथरचनेचा नसून त्या प्रतीच्या लेखनाचा असतो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. घरगुती व्हिडिओंच्या संग्रहांत मात्र हा भेद आज सर्रास पुसला जात आहे, व पन्नास वर्षांनीं कोंकणचा सामाजिक इतिहास लिहूं पाहणारास त्याचा जाच होणार आहे. सबब या विषयाची थोडी फोड येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मालवण व आसपासच्या गांवांतून लग्नें, मुंजी, घरचे गणपति, दशावताराचे रात्रीचे खेळ व सिंधुदुर्ग किल्ल्यावरील सहली यांचीं चित्रणें कॅसेटींवर पडून आहेत. त्यांपैकीं व्हीएचएस जातीच्या कॅसेटी जपानांत १९७६ सालीं निघाल्या. मिनि-डीव्ही १९९५ सालच्या. दोहोंतही प्लास्टिकच्या फितीवर चुंबकीय थर असतो. किनाऱ्यावरील दमट हवेंत फितीला बुरशी धरते व थर खराब होऊं लागतो. शिवाय व्हीएचएस यंत्रें तयार करणारा शेवटचा कारखाना, जपानचा फुनाई, यानें २०१६ च्या जुलैंत तें काम बंद केलें. तेव्हां नक्कल करणें टळत नाहीं. ती कशी करावी एवढाच प्रश्न उरतो.

संगणकांतील व्हिडिओची फाईल ही रुमालांत बांधलेल्या दप्तरासारखी असते. एमपी४, एमओव्ही, एव्हीआय हीं रुमालांचीं नांवें होत. आंतील चित्र व ध्वनि ज्या संकेतानें लिहिलेले असतात, तो डीव्ही, एच-२६४ इत्यादि संकेत म्हणजे लिपि. केवळ रुमाल बदलला तर आंतील एकही अक्षर हालत नाहीं. लिपि बदलणें ही गोष्ट निराळी. एच-२६४ सारखे संकेत जागा वांचविण्यासाठीं डोळ्यांस सहसा न जाणवणारा तपशील गाळतात. गळलेला तपशील परत मिळत नाहीं, आणि नकलेवरून नक्कल होत गेली म्हणजे पोथींतील स्खलनांप्रमाणें दोष सांचत जातात. व्हॉट्सॲपवरून आलेला व्हिडिओ बहुधा अशीच उतरती प्रत असतो. जुनी फाईल नव्या यंत्रावर उघडत नसेल, तर प्रथम केवळ रुमाल बदलून पाहावा. तेवढ्यानें न भागल्यास पाहण्यापुरती निराळी प्रत करावी व मूळ फाईल तशीच ठेवावी. मिनि-डीव्हीवरील मजकूर आधींच अंकरूप असल्यानें तो फायरवायरच्या तारेनें जसाच्या तसा उतरतो. त्यास तासामागें सुमारें १३ जीबी जागा लागते, ती द्यावी.

आतां मितीकडे वळूं. एका चित्रणास तीन मित्या असतात: प्रसंग टिपल्याची, कॅसेटीवरून उतरविल्याची व फाईल शेवटीं बदलल्याची. फोटोसंग्रहाचें सॉफ्टवेअर यांतील जी हातीं लागेल तिच्यावरून क्रम लावतें. त्यामुळें १९९४ सालचें लग्न २०२४ सालच्या फोटोंत जाऊन बसतें. एमपी४ फाईलींत वेळ ही १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांनीं मोजतात. तो रकाना शून्य राहिला कीं कांहीं सॉफ्टवेअर ती फाईल १९०४ सालांत, म्हणजे शके १८२५ मध्यें, नेऊन ठेवतें. ही मिति दिसल्यास मिति नाहीं असेंच समजावें. शिवाय ही वेळ ग्रिनिचच्या हिशेबानें लिहावयाची असते, व आपली वेळ तिच्या साडेपांच तास पुढें आहे. पहांटे तीन वाजतां टिपलेला दशावतार त्या हिशेबानें आदल्या रात्रीं साडेनऊचा होतो, तारीखच बदलते.

अशा वेळीं चित्रांतीलच पुरावा कामास येतो. मालवणांत राजकोट येथें शिवछत्रपतींचा जो पहिला पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजीं उघडला गेला, तो २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला. तो पुतळा उभा दाखविणारें चित्रण या दुसऱ्या तारखेनंतरचें असूं शकत नाहीं, फाईल कांहींही सांगो. रामनवमीच्या उत्सवाचें वर्ष कळलें तर जंत्रीवरून दिवस निघतो. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेचा तसा निघत नाहीं. कारण तिची तिथि ठराविक नसून देवीच्या कौलानें दरवर्षीं ठरते. तेथें त्या वर्षाचीं वर्तमानपत्रें धुंडाळावीं लागतात.

म्हणून प्रत्येक फाईलीस वर्ष, महिना, दिवस, गांव, प्रसंग या क्रमानें नांव द्यावें; अज्ञात महिना वा दिवस शून्यांनीं दाखवावा. शेजारीं टिपणाची साधी फाईल ठेवून तींत कॅसेटीवरील चिठ्ठीचा मजकूर शब्दशः उतरावा, आणि नक्कल कोणीं व केव्हां केली, मिति कशावरून ठरविली, हें लिहावें. हीच त्या प्रतीची पुष्पिका. पूर्वीचे लेखनिक पोथीच्या अखेरीस ग्रंथसंख्या देत, तिच्यावरून गळती ओळखतां येई. तेंच काम येथें एसएचए-२५६ नांवाची ६४ अक्षरांची खूण करते. फाईलींत एक कण बदलला तरी ती खूण पार बदलते. तीही टिपणांत नोंदावी. प्रती किमान तीन असाव्या व त्यांपैकीं एक मालवणाबाहेर ठेवावी. उतरवून झालें म्हणून मूळ कॅसेट टाकूं नये.

चित्रांतील माणसें कोण, लग्न कोणत्या घरचें, खेळ कोणत्या देवळापुढें झाला, हें सांगूं शकणारी वडील मंडळी आज आपल्यांत आहेत. फिती उतरविण्यापूर्वीं त्यांच्याजवळ बसून हीं नांवें लिहून घ्यावीं, एवढी संग्राहकांस आमची विनंति आहे.