ऋणचिन्ह आणि किंचित जागा
‘−५’ आणि ‘८ − ५’ यांत आडवी रेघ एकच असते. पण पहिल्या ठिकाणी ती पाचाला चिकटून बसते, कारण तिथे ती ऋणचिन्ह आहे. दुसऱ्या ठिकाणी वजाबाकी चाललेली असल्याने तिला दोन्ही बाजूंना किंचित जागा लागते. गणिताची पुस्तके जुळवणाऱ्या निष्णात जुळाऱ्याच्या बोटांना हे ठाऊक असे. संगणकाला ते शिकवावे लागले.

बेल प्रयोगशाळेत ब्रायन कर्निघन आणि लोरिंडा चेरी यांनी १९७०च्या दशकात ‘ईक्यूएन’ हे समीकरणे मांडणारे सॉफ्टवेअर रचले. त्यात अपूर्णांक जवळपास उच्चारावा तसा लिहिता येई: ‘ए ओव्हर बी’. गणित न जाणणाऱ्या टंकलेखकालाही ते जमावे, हा हेतू.

मग १९७७मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांच्यापुढे त्यांच्याच ग्रंथाची मुद्रिते आली. शिशाच्या खिळ्यांची जागा घेणाऱ्या फोटोटाइपसेटिंगमधली ती पाने पाहून ते खिन्न झाले, आणि त्यांनी स्वतःच ‘टेक’ हे अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले. या कामात जवळजवळ एक दशक गेले. ‘टेक’ प्रत्येक चिन्हाची जात ओळखते. अक्षराच्या मापाचे, म्हणजे एका एमचे, १८ भाग कल्पून ते बेरीज-वजाबाकीच्या चिन्हाभोवती ४ भाग जागा सोडते आणि बरोबरच्या चिन्हाभोवती ५. घातांकात शिरताच ही जागा काढून टाकते. वजाचे चिन्ह समीकरणाच्या आरंभी किंवा उघडत्या कंसानंतर आले, तर ते वजाबाकीचे नाही हेही त्याला कळते. लेखकाला यातले काहीच सांगावे लागत नाही! इतका बारकावा एका माणसाच्या आग्रहातून यावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

याउलट मायक्रोसॉफ्टच्या ‘वर्ड’मध्ये समीकरण डोळ्यांसमोर घडते. शाळेची प्रश्नपत्रिका करणाऱ्या शिक्षकाला तेच सोयीचे, आणि २००७पासून तिथली मांडणीही देखणी झाली. मात्र त्याआधीचा समीकरण-संपादक सुरक्षेतील त्रुटींमुळे २०१८मध्ये काढून टाकण्यात आला. त्यात घडवलेली समीकरणे दिसत राहिली, पण वर्डमध्ये जशीच्या तशी दुरुस्त करता येईनात. ‘टेक’ची फाइल साधा मजकूर असते, कोणत्याही संपादकात उघडते. म्हणून प्रबंध किंवा पुस्तक लिहिणाऱ्याने ‘टेक’वर उभारलेले लेस्ली लॅम्पोर्ट यांचे ‘लाटेक’ शिकण्याचे कष्ट घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. संकेतस्थळांवर समीकरणे दाखवणारी ‘मॅथजॅक्स’ आणि ‘काटेक’ ही साधनेही नूथ यांचीच लेखनपद्धत वाचतात.