रविवारची शाळा आणि फिसकटलेला बेत

कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. हाती टिपण असले की आपली तयारी झाली, असे त्याला वाटते. माझी ही समजूत पाच-सहा वर्षांच्या मुलांनी एका तासात उतरवली.

कामोठ्यात आम्ही काही मंडळी रविवारी सकाळी लहान मुलांची संडे स्कूल चालवतो. जूनमधला रविवार होता. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगायची, पडद्यावर चित्रे दाखवायची, मग कागदाचे गाढव करायचे, असा माझा मिनिटामिनिटाचा बेत. पण पाऊस कोसळला, वीज गेली, कागद-कात्र्या आणणाऱ्या बाई वाटेत अडकल्या, आणि दहाऐवजी अठरा मुले आली! मी टिपण वाचू लागलो. मुले उठून खिडकीशी गेली. मी ओरडलो. एक चिमुरडी रडू लागली. पुढचे दोन रविवार ती आलीच नाही.

असे का झाले? आपण म्हणतो, मुले द्वाड आहेत. पण खरे कारण निराळे. या वयाच्या मुलाचे मन त्याच्या हातापायांबरोबर चालते. हात रिकामे राहिले की मन खिडकीबाहेर गेलेच म्हणून समजा. दुसरे, नेहमीचा क्रम मोडला की मूल मोठ्यांच्या तोंडाकडे पाहते. तिथे त्याला धीर दिसला तर ते सावरते, चिडचिड दिसली तर बिथरते. त्या दिवशी वीज गेली होती खरी. पण वर्ग मोडला तो माझ्या कपाळावरच्या आठ्यांनी.

आता असे पाहा, रविवारची शाळा ही मुळात अडचणीतूनच वाढलेली गोष्ट आहे. इंग्लंडात ग्लॉस्टर येथे १७८० साली रॉबर्ट रेक्स यांनी अशी शाळा काढली, ती आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना रविवार तेवढा मोकळा मिळे म्हणून. आपल्याकडचे उदाहरण तर याहून बोलके. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. पुढे हे काम कोसबाडला गेले. तिथली आदिवासी मुले गुरे चारायला जात. मग ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणावर नेली. मूल बेतात बसत नसेल तर बेत बदलावा, हा त्यांचा धडा.

हा धडा आपल्या तासाभराच्या वर्गात कसा उतरवायचा? सारा पाठ फिसकटला तरी हाती उरेल असे गोष्टीचे एकच वाक्य आधी मनाशी पक्के करावे. ‘पडलेल्याला पाहून एक जण थांबला’, एवढे पुरे. हातवाऱ्यांचे एक गाणे नेहमी तोंडी असावे. गोंधळ झाला की आधी मुलांना हलू द्यावे, मग बसवावे. थोरल्या मुलांच्या हाती एकेक धाकटे द्यावे, म्हणजे दोघांनाही काम मिळते. गोष्ट सात-आठ मिनिटांत संपवावी आणि ती मुलांकडून करवून घ्यावी. त्याला पडदा लागत नाही, वीज लागत नाही. एक ओढणी असली तरी भागते. आणि आपले चुकले तर तसे मुलांना सांगावे. हे मात्र सर्वांत अवघड, बरे का!

ती चिमुरडी मला तिच्या आईबरोबर भाजीच्या गाडीपाशी भेटली. मी खाली वाकून म्हटले, “त्या दिवशी मी ओरडलो ना, ते चुकलं माझं.” ती काहीच बोलली नाही. आईच्या पदराआड गेली.

पण रविवारी आली. वीज होती, चित्रेही होती. तरी मी ती बाजूला ठेवली. सतरंजी म्हणजे यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता असे ठरले. जखमी कोण होणार, यावर मुलांचा वाद जुंपला. तेवढ्यात ती पुढे झाली आणि म्हणाली, “सर, तुम्ही पडा.”

मी पडलो. दोघेजण नाक वर करून निघून गेले. तिसरी ती थांबली, आणि आईची ओढणी माझ्या हाताला घट्ट बांधू लागली.