हरलेले पुन्हा गातात

१९५९ साली स्वीडनमध्ये सीव माल्मक्विस्ट नावाच्या बावीस वर्षांच्या मुलीनं टेलिव्हिजनवर 'ऑगस्टिन' हे गाणं म्हटलं. परीक्षकांनी ते पहिलं ठरवलं. युरोपच्या मोठ्या स्पर्धेत मात्र ते गायला गेली ब्रीता बोर्ग ही दुसरीच गायिका. घरच्या स्पर्धेत कोणीही गायलं तरी युरोपात ब्रीताच जाणार, हे स्वीडिश रेडिओच्या साहेबलोकांनी आधीच ठरवून टाकलं होतं. दोन वर्षांनी सीव पुन्हा पहिली आली. विजयी गाणं दुसऱ्यांदा म्हणताना ती शब्दांत अडखळली, तिला हसू फुटलं, आणि पुन्हा दुसरीचीच रवानगी झाली. त्या वेळी गेली लिल-बाब्स.

दुसरी कोणी असती तर या लोकांचं तोंडही पाहिलं नसतं. सीव पुन्हा येत राहिली. मधल्या १९६० साली स्वीडननं तिला लंडनला पाठवलं होतंच. १९६९ साली तर ती पश्चिम जर्मनीच्या वतीनं माद्रिदच्या मंचावर उभी राहिली. आणि २००४ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, दोन समकालीन मैत्रिणींना घेऊन त्याच घरच्या स्पर्धेत पुन्हा उतरली.

या स्पर्धेचं नाव मेलोडिफेस्टिवालेन. हे नाव १९६७ पासूनचं. स्वीडिश लोक लाडानं नुसतं 'मेलो' म्हणतात. मे महिन्यातल्या युरोव्हिजन या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्वीडनतर्फे कोणतं गाणं जाणार, हे ठरवायचं हे मैदान. आपल्या 'सा रे ग म प'मध्ये गायक जुनी गाणी गातो आणि गायकाची पारख होते. इथे गाणं कोरं लागतं. ते तीन मिनिटांच्या आत संपलं पाहिजे. वाद्यसंगीत आधी ध्वनिमुद्रित केलेलं असतं, पण मुख्य गायकानं तिथल्या तिथे, थेट प्रक्षेपणात गायलंच पाहिजे. म्हणजे संगीतकार, गीतकार आणि गायक एकदमच पणाला लागतात. कार्यक्रम सरकारी पैशावर चालणाऱ्या एसव्हीटी या सार्वजनिक वाहिनीचा, त्यामुळे मध्ये एकही जाहिरात नाही. फेब्रुवारी-मार्चच्या शनिवारी रात्री आठला, बाहेर बर्फ आणि अंधार असताना, घरोघर हा कार्यक्रम लागतो. एक कोटीच्या आसपास लोकसंख्येच्या देशात अंतिम फेरी तीस लाखांहून अधिक लोक पाहतात.

मराठी वाचकाला या स्पर्धेतली एकच गोष्ट बहुधा ठाऊक असते: 'अ‍ॅबा'. १९७४ साली 'वॉटर्लू' गाऊन या चौघांनी आधी स्वीडन आणि मग ब्रायटनमध्ये युरोप जिंकला. तो स्वीडनचा पहिला विजय. त्याच्या आधीची दोन वर्षं मात्र फारशी सांगितली जात नाहीत. ब्यॉर्न उल्वेउस आणि बेनी आन्देर्सन यांनी १९७२ साली लेना आन्देर्सन या तरुण गायिकेसाठी गाणं केलं, ते तिसरं आलं. १९७३ साली ते स्वतः आग्नेथा आणि आन्नी-फ्रीदसह 'रिंग रिंग' घेऊन उतरले. आग्नेथाचे दिवस अगदी भरत आले होते. स्पर्धेनंतर दोन आठवड्यांच्या आतच तिला मुलगी झाली. तज्ज्ञ मंडळींच्या परीक्षक समितीनं त्यांना पुन्हा तिसरा क्रमांक दिला. लोकांनी मात्र तेच गाणं उचलून धरलं आणि विक्रीत वर नेलं. पुढच्या वर्षी तज्ज्ञांची समिती जाऊन गावोगावच्या परीक्षक मंडळांकडे निकाल सोपवला गेला. 'वॉटर्लू' जिंकलं ते या बदललेल्या व्यवस्थेत. गाणं उत्तम होतं यात वाद नाही. पण चौघं पुन्हा आले नसते तर कसली व्यवस्था आणि कसलं काय!

विजयाचा आनंद देशात सगळ्यांना झाला असंही नाही. यजमानपद मिळाल्यावर १९७५ साली स्टॉकहोममध्ये डाव्या विचारांच्या संगीतकारांनी निदर्शनं केली आणि समांतर महोत्सव भरवला. असल्या बाजारू गाण्यांवर जनतेचा पैसा का उधळायचा, हा त्यांचा सवाल. १९७६ साली स्वीडननं युरोव्हिजनमध्ये भागच घेतला नाही. आज तिथल्या कोणा तरुणाला हे सांगितलं तर खरं वाटणार नाही.

ऐंशीच्या दशकात कारोला हेग्कविस्टनं ही स्पर्धा पुन्हा घराघरात नेली. १९८३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, 'फ्रेमलिंग' गाऊन तिनं प्रत्येक परीक्षक मंडळाकडून पैकीच्या पैकी गुण मिळवले. युरोपात ती तिसरी आली. १९९० साली पुन्हा उतरली आणि घरीच दुसरी आली. १९९१ साली पुन्हा उतरली, जिंकली, आणि रोममध्ये फ्रान्सशी १४६-१४६ अशी बरोबरी झाल्यावर जास्त वेळा दहा गुण मिळाल्याच्या नियमावर युरोपचीही विजेती ठरली.

पुढच्या वर्षीची युरोव्हिजन त्यामुळे स्वीडनमधल्या मालमो शहरात झाली. यजमान देशाकडून गायला उभा होता क्रिस्टर ब्यॉर्कमान, व्यवसायानं केशभूषाकार. तेवीस देशांत त्याचा क्रमांक बाविसावा आला. घरच्या मैदानावर, सगळ्या देशासमोर, शेवटून दुसरा. एखाद्यानं गाव सोडलं असतं. दहा वर्षांनी याच माणसाच्या हाती एसव्हीटीनं सगळी स्पर्धा सोपवली, आणि २००२ पासून २०२१ पर्यंत ती त्याच्याच देखरेखीखाली चालली. आज आपण पाहतो ती मेलो खरी त्याची निर्मिती.

त्यानं काय केलं? एका रात्रीचा कार्यक्रम सहा शनिवारांचा केला. पहिल्या वर्षी बत्तीस गाणी, आठ-आठच्या चार फेऱ्या, प्रत्येक फेरी वेगळ्या शहरात. स्टॉकहोम सोडून गाडं लुलेओसारख्या उत्तरेकडच्या गावांत, आइस हॉकीच्या सभागृहांत जाऊ लागलं. गाणं स्वीडिशमध्येच हवं ही अट काढून टाकली. दोन गाण्यांच्या मध्ये छोटी फीत दाखवायची आणि तेवढ्यात मांडवातल्या वाढप्यांच्या चपळाईनं कामगारांनी अख्खा मंच बदलायचा, ही शिस्त बसवली. आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट: 'आन्द्रा शान्सेन', म्हणजे दुसरी संधी. प्रत्येक फेरीतली पहिली दोन गाणी थेट अंतिम फेरीत. त्यांच्या मागोमागची आणखी एका शनिवारी पुन्हा भिडणार आणि त्यांतून दोन वर जाणार. पुढे या फेरीचं नाव बदललं, नियमही बदलले, पण हुकलेल्याला त्याच हंगामात परत उभं करायची कल्पना टिकली. जो स्वतः शेवटून दुसरा आला होता त्यालाच हे सुचावं यात मला नवल वाटत नाही.

सान्ना नील्सनचं उदाहरण तर आता म्हणीसारखं झालंय. २००१ साली सोळाव्या वर्षी ती पहिल्यांदा आली आणि तिसरी ठरली. मग २००३, २००५, २००७. २००८ साली प्रेक्षकांच्या दूरध्वनी-मतांत ती सर्वांच्या पुढे होती, पण परीक्षक मंडळांच्या गुणांवर १९९९ ची युरोव्हिजन विजेती शार्लोट पेरेल्ली जिंकली. लोकांना ते झोंबलं, आणि पुढे युरोव्हिजनमध्ये शार्लोट अठरावी आल्यावर आणखीच झोंबलं. २०११ साली सान्ना सहाव्यांदा आली. २०१४ साली सातव्यांदा, आणि तेव्हा अवघ्या दोन गुणांनी जिंकली. कोपनहेगनमध्ये ती तिसरी आली. दरम्यानच्या वर्षांत कोणी तिला 'आता पुरे' म्हटलं नाही. उलट, पुन्हा येणाऱ्यावर प्रेक्षकांचा जीव जास्त जडतो, हे स्वीडिश वाहिनीला नेमकं कळलेलं आहे.

लोरीनकडे पाहा. मोरोक्कोतून आलेल्या बर्बर आईबापांची मुलगी. २०११ साली दुसऱ्या संधीच्या फेरीतच तिचा प्रवास संपला. पुढच्या वर्षी ती 'युफोरिया' घेऊन आली. अनवाणी पाय, चेहऱ्यावर केस आणि मंचावर जवळपास अंधार. चकचकीत पोशाख आणि हसरे चेहरे यांना सरावलेल्या स्पर्धेत ते काहीतरी भलतंच होतं. बाकूमध्ये अठरा देशांनी तिला पुरे बारा गुण दिले. मग २०१७ साली ही युरोपविजेती 'स्टेटमेंट्स' नावाचं अवघड, राजकीय गाणं घेऊन परतली, आणि दुसऱ्या संधीच्या फेरीत आन्तोन हागमान या अठरा वर्षांच्या नवख्या मुलाकडून हरली. २०२३ साली ती तिसऱ्या हरण्याची जोखीम घेऊन आली. मालमोच्या फेरीत तिचं गाणं चालू असताना एक पर्यावरणवादी आंदोलक मंचावर घुसली. कार्यक्रम थांबवावा लागला, आणि लोरीननं गाणं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. त्या वर्षी लिव्हरपूलमध्ये ती जिंकली. युरोव्हिजन दोनदा जिंकणारी ती पहिली स्त्री.

मतदानाची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. निम्मे गुण वेगवेगळ्या देशांतल्या परीक्षक मंडळांचे, निम्मे प्रेक्षकांचे. २०१९ पासून मोबाइल अ‍ॅपवर मत देणाऱ्या प्रेक्षकांचे वयानुसार सात गट केले आहेत, तीन ते नऊ वर्षांच्या पोरांपासून पंचाहत्तरीच्या पुढच्या आजी-आजोबांपर्यंत. आठवा गट फोनवरून मत देणाऱ्यांचा. प्रत्येक गटाचे गुण सारखेच मोजले जातात. म्हणजे पहिलीतल्या मुलाचा गट आणि त्याच्या पणजीचा गट यांचं वजन एकच. अ‍ॅपवरचं मत फुकट, म्हणून लहान मुलं धडाधड बोटं दाबतात. स्पर्धकाला त्यामुळे पिढ्यांना जोडणारं गाणं शोधावं लागतं, आणि हे गट येण्याआधी, २०१७ सालीही, ओवे थर्नक्विस्टसारख्या सत्याऐंशी वर्षांच्या गायकानं अंतिम फेरी गाठली होती.

याच व्यवस्थेनं २०२० साली फारच विचित्र निकाल दिला. आदल्या वर्षीचा विजेता यॉन लुंडविक, एकेकाळचा धावपटू. त्याच्या मागे उभ्या राहून कोरस देणाऱ्या गायिकांनी 'द मामाज' नावाचा आपला गट काढला आणि त्या स्वतःच स्पर्धेत उतरल्या. समोर होती डोट्टर, आरशांसारख्या लखलखत्या पोशाखात. अंतिम निकाल १३७ विरुद्ध १३६. द मामाज एका गुणानं जिंकल्या, आणि काही दिवसांतच कोरोनामुळे युरोव्हिजन रद्द झाली. जिंकूनही गायला मंच नाही. पुढच्या वर्षी दोघीही, म्हणजे तो गट आणि डोट्टर, पुन्हा स्पर्धेत होत्या, रिकाम्या सभागृहात गात. जिंकला टुस्से. हा मुलगा काँगोतल्या लढाईतून लहानपणी पळून निर्वासित म्हणून स्वीडनला आला आणि दालार्ना प्रांतातल्या एका खेड्यात वाढला.

स्वीडिश कोण, या प्रश्नाला संसदेत जी उत्तरं मिळतात त्यापेक्षा वेगळी उत्तरं हा मंच देतो. २०१५ साली दुसरा आलेला योन हेन्रिक फ्येल्ग्रेन जन्मानं कोलंबियाचा. रेनडिअर पाळणाऱ्या सामी कुटुंबानं त्याला दत्तक घेतलं, आणि सामींचा योइक हा प्राचीन गायनप्रकार त्यानं मंचावर आणला. २०२४ चे विजेते मार्कुस आणि मार्तिनुस हे जुळे भाऊ तर शेजारच्या नॉर्वेचे.

टीकाही कमी नाही, आणि ती मला पटते. ठरावीक गीतकारांची टोळी वर्षानुवर्षं दिसते. गाणी यंत्रावर घासूनपुसून निघाल्यासारखी वाटतात. २०१८ साली बेन्यामिन इंग्रोसो लिस्बनला गेला तेव्हा परीक्षकांनी त्याला दुसरा क्रमांक दिला, युरोपच्या प्रेक्षकांनी सव्वीस देशांत तेविसावा. इतकी सफाई लोकांना परकी वाटते, हे त्यातून दिसलं. शिवाय भाषेची अट गेल्यावर जिंकणारी गाणी जवळजवळ सगळी इंग्रजीच होत गेली.

त्यावर उतारा मिळाला तो फिनलंडमधून. 'काय' हे तीन मित्रांचं विनोदी गायकांचं त्रिकूट, वोरो या गावचं, जिथे फिनलंडमधले स्वीडिशभाषक राहतात. २०२५ साली त्यांनी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या स्नानाच्या आनंदावर आपल्या गावरान बोलीत गाणं म्हटलं. त्या वर्षीचा दावेदार होता मोन्स सेल्मेरलोव: २००७ साली तिसरा, २००९ साली चौथा, २०१५ साली स्वीडनचा आणि युरोपचा विजेता. तो दुसरा आला. १९९८ नंतर पहिल्यांदाच स्वीडननं स्वीडिश गाणं युरोपात पाठवलं, आणि ते बासेलमध्ये चौथं आलं.

स्वीडनच्या नावावर आज युरोव्हिजनचे सात विजय आहेत, आयर्लंडइतकेच. फक्त आयर्लंडचा शेवटचा विजय १९९६ चा. स्वीडनच्या त्या सातांपैकी किमान पाच विजय अशांचे आहेत, ज्यांना आधी घरच्या मेलोमध्ये कधी ना कधी हार पत्करावी लागली होती: अ‍ॅबा, कारोला, मोन्स आणि दोन वेळा लोरीन.