सांगाड्याला नाव मिळते कुठून?

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांतला एखादा माणूस बेपत्ता होतो, महिन्यांनी कुठेतरी झाडाझुडपांत सांगाडा सापडतो. हा तोच का, हे कसे ठरवायचे?

आधी हाडे माणसाचीच ना, हे पाहतात. मग कंबरेचे हाड हातात घेतात. पुढच्या जोडाखालचा कोन रुंद असेल तर बहुधा बाई, अरुंद असेल तर पुरुष. वयासाठी गळपट्टीच्या हाडाचे छातीकडचे टोक बघतात. तरुणपणी ते खाचाखाचांचे असते. मग त्यावर हाडाची पातळ चकती धरते आणि साधारण तिशीपर्यंत ती पुरती सांधून जाते. सांध्याची रेघ अजून दिसते का, एवढ्यावरून विशीतला माणूस चाळिशीतल्यापासून वेगळा काढता येतो. उंची मांडीच्या हाडाच्या लांबीवरून काढतात. पण त्याची जगभर वापरली जाणारी सूत्रे ट्रॉटर आणि ग्लेसर यांनी 1952 साली अमेरिकनांच्या हाडांवरून बसवली. ती आपल्या माणसांना जशीच्या तशी लावली तर आकडा चुकू शकतो, म्हणून इथल्या लोकांची मापे हवीतच.

एवढे करूनही हाती येतो तो फक्त अंदाज : पुरुष, पंचविशीचा, साडेपाच फुटांच्या आसपास. नाव मिळत नाही. डीएनए काढला तरी तो जुळवायला नातेवाईक लागतो. शीना बोरा खून प्रकरणात पेण तालुक्यात अवशेष सापडले मे 2012 मध्ये, पण ते कुणाचे असावेत याचा धागा पोलिसांना मिळाला ऑगस्ट 2015 मध्ये. त्यानंतरच डीएनए कुणाशी ताडायचा हे कळले.

म्हणून मला प्रयोगशाळेइतकीच बेपत्ताची तक्रार महत्त्वाची वाटते. ‘रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात निळा शर्ट’ यातले सांगाड्यावर काय उरणार? पाय मोडून आत प्लेट बसवली होती का, कोणता दात काढला होता, दवाखान्यातला जुना एक्स-रे घरी आहे का, हे तक्रार घेतानाच विचारले पाहिजे. प्लेटवर अनेकदा कंपनीचा क्रमांक कोरलेला असतो. डोक्याच्या जुन्या एक्स-रेमधल्या कपाळातल्या पोकळ्यांची नक्षीही माणसागणिक वेगळी असते. तक्रार अमळनेरला आणि हाडे सुरतेत असली, तर दोन राज्यांच्या पोलिसांना जोडणारे एवढेच तपशील असतात.