बाहुलीचा श्वास आणि कथेतले माणूस

मेरी रॉबिनेट कोवाल या अमेरिकी लेखिकेचे नाव आज विज्ञानकथेच्या वाचकांना ‘द कॅल्क्युलेटिंग स्टार्स’ या कादंबरीमुळे परिचित असले, तरी साहित्यात नाव होण्यापूर्वीची जवळपास दोन दशके त्यांची ओळख व्यावसायिक बाहुलीकार अशी होती. १९६९ साली नॉर्थ कॅरोलिनातील रॅले येथे जन्मलेल्या कोवाल यांनी कलाशिक्षणाचा अभ्यास करून १९८९ पासून बाहुलीनाट्याचा व्यवसाय पत्करला. अटलांटाचे ‘सेंटर फॉर पपेट्री आर्ट्स’, ‘मपेट्स’च्या निर्मात्याची जिम हेन्सन कंपनी आणि आइसलँडमध्ये चित्रित होणारी ‘लेझीटाउन’ ही मुलांची मालिका अशा निरनिराळ्या ठिकाणी त्यांनी काम केले.

बाहुलीचा चेहरा एकदा घडवला की त्यावरचा भाव सहसा बदलत नाही, आणि म्हणून राग, संशय, दुःख हे सारे शरीराच्या हालचालीतूनच दाखवणे बाहुलीकाराला भाग पडते. या कलेची जी तत्त्वे कोवाल लेखकांना शिकवताना मांडतात, त्यांतील पहिले नजरेचे आहे: बाहुली जिकडे पाहते, त्याचाच ती विचार करत आहे असे प्रेक्षक धरून चालतो. दुसरे श्वासाचे, कारण श्वासाची लय संथ आहे की भराभर, यावरून भावना ओळखू येते. तिसरे, ज्याला त्या ‘स्नायू’ म्हणतात, ते असे की बाहुली बाहेरच्या हाताने नव्हे तर स्वतःच्या बळावर हलते आहे असे वाटले पाहिजे. आणि हालचाल निरर्थक नसावी, हे चौथे. कथेतील पात्र खोलीत शिरल्यावर आधी दाराच्या कडीकडे पाहते की टेबलावरच्या पत्राकडे, एवढ्या क्रमावरून वाचकाला त्याच्या मनातले कळू शकते, आणि ‘तो घाबरला होता’ हे वाक्य लिहिण्याची गरज उरत नाही. तिसरे तत्त्व तर लेखकाला विशेष जाचक ठरावे, कारण कथानकाच्या सोयीसाठी ढकललेले पात्र वाचक लगेच ओळखतो.

‘द कॅल्क्युलेटिंग स्टार्स’मध्ये १९५२ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ उल्का कोसळून राजधानी वॉशिंग्टन नष्ट होते आणि पुढे तापमान वाढून पृथ्वी राहण्याजोगी उरणार नाही, असे गणित मांडले गेल्यामुळे अंतराळमोहिमांना प्रत्यक्ष इतिहासापेक्षा पुष्कळ आधी वेग येतो. इतिहासाला एखाद्या ठिकाणी वेगळे वळण देऊन रचलेल्या अशा कथेला पर्यायी इतिहास म्हणतात. नायिका एल्मा यॉर्क गणितज्ञ आणि निष्णात वैमानिक असूनही लोकांसमोर बोलायचे म्हटले की तिला मळमळते, उलटी होते, आणि मन थाऱ्यावर आणण्यासाठी ती मूळ संख्या आठवत राहते. उल्कापातापेक्षा हे पोट आणि हा श्वासच वाचकाच्या अधिक लक्षात राहतो, आणि बाहुलीकाराची शिस्त इथे सर्वांत स्पष्ट दिसते. या कादंबरीला २०१९ मध्ये ह्यूगो, नेब्युला आणि लोकस हे या साहित्यप्रकारातील तिन्ही मानाचे पुरस्कार मिळाले.

त्याआधीच्या ‘शेड्स ऑफ मिल्क अँड हनी’ (२०१०) या कादंबरीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमधील स्त्रिया भरतकाम किंवा पियानोसारखीच प्रकाशाची आभासचित्रे विणण्याची जादू शिकतात, आणि ती विणताना त्यांना धाप लागते. रंगमंचामागे राबलेल्या व्यक्तीलाच सुचावा असा हा तपशील आहे.

कोवाल इतरांची पुस्तके ध्वनिमुद्रणासाठी वाचूनही दाखवतात, आणि या दुहेरी भूमिकेतून एक चमत्कारिक पेच उद्भवला. एल्माच्या उतारवयावरील त्यांची ‘द लेडी ॲस्ट्रॉनॉट ऑफ मार्स’ ही दीर्घकथा प्रथम केवळ ध्वनिरूपात आली होती. २०१३ च्या ह्यूगोसाठी तिला पुरेशी नामांकने मिळूनही संहितेत ध्वनिमुद्रणासाठी वाचणाऱ्याला उद्देशून सूचना असल्याचे कारण देत आयोजकांनी तिला लिखित कथांच्या गटात स्थान नाकारले. श्राव्य पुस्तकांचा प्रसार पाहता हा निर्णय संकुचितच म्हणावा लागेल. पुढे तीच कथा लिखित स्वरूपात प्रसिद्ध झाली आणि २०१४ चा ह्यूगो तिलाच मिळाला.