हिमशिखरांवरील एकांत : मोल आणि जोखीम

शिक्षण अथवा व्यवसायानिमित्त स्वित्झर्लंड, कॅनडा, अमेरिका या देशांत गेलेले आपले तरुण तेथील हिवाळ्याशी लवकरच मैत्री करतात. प्रथम ते स्की-केंद्रातील आखलेल्या उतारांवर घसरण्याचे कौशल्य आत्मसात करतात. पुढे त्यांच्यापैकी काहींना आखलेल्या सीमेपलीकडचा, पाऊलही न उमटलेला डोंगर खुणावू लागतो. या प्रकारास ‘बॅककंट्री स्कीइंग’ म्हणतात. तेथे रोपवे नसतो, गस्तीचे पथक नसते. स्कीच्या तळाला पट्टे चिकटवून स्वतःच्या बळावर चढावे आणि मग उतरावे, असा हा मार्ग आहे. काही जण तेथे एकटेच जातात. त्यांना अविचारी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्या एकांताचे मोल आणि त्याची किंमत शांतपणे तोलून पाहणे अधिक हितावह ठरेल.

प्रत्येक जोखमीचे दोन भाग असतात : संकट ओढवण्याची शक्यता आणि ते ओढवल्यास होणारा परिणाम. एकटे जाण्याने पहिल्या भागात फार फरक पडतो असे नाही; दुसरा भाग मात्र पार बदलून जातो.

हिमस्खलनाचेच उदाहरण घेऊ. बर्फाचे मोठे थर बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून सुटतात आणि अपघातांत सापडलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्यांच्या भारानेच सुटलेले असतात. स्वित्झर्लंडमधील नोंदींच्या अभ्यासानुसार, बर्फाखाली पूर्णपणे गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढला गेला, तर दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटल्यावर हे प्रमाण दहांपैकी तिघांवर येते. म्हणूनच प्रत्येकाजवळ संदेश देणारा व शोधणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून ठाव घेण्याची लांब सळई आणि फावडे असावे लागते. मात्र ही साधने वाहणाऱ्याला स्वतःला वाचवीत नाहीत. ती त्याच्या सोबत्याला वाचवितात. एकट्याचा ट्रान्सीव्हर संदेश पाठवीत राहतो. ऐकणारा कोणी नसतो. हेलिकॉप्टर कितीही तत्पर असले, तरी पहिल्या दहा मिनिटांत ते पोहोचणे दुर्मीळच.

हिमस्खलन झाले नाही, तरी प्रश्न संपत नाही. गुडघा मुरगळणे ही सोबत असताना एक गैरसोय असते. एकट्यासाठी उणे तापमानातील रात्र गाठीशी घेऊन आलेले ते प्राणसंकट ठरू शकते. मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवती भुसभुशीत बर्फाच्या खोल पोकळ्या असतात. त्यांत उलटा पडलेला मनुष्य स्वतःच्या प्रयत्नाने क्वचितच बाहेर येतो; सोबती मात्र काही मिनिटांत त्याला ओढून काढू शकतो.

मग समूहाने जाणे म्हणजे सुरक्षितता काय? तसेही नाही. अमेरिकी संशोधक इयन मॅकॅमन यांनी ७१५ हिमस्खलन-अपघातांचा अभ्यास करून मनाचे काही सापळे दाखवून दिले. ओळखीच्या उतारावरचा निर्धास्तपणा, इतरांपुढे शोभून दिसण्याची ओढ, ठरविलेला बेत मोडण्याचा संकोच आणि ‘जाणत्या’वर टाकलेला भार हे त्यांतील प्रमुख होत. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी वॉशिंग्टन राज्यातील टनेल क्रीक येथे सोळा जणांचा अत्यंत अनुभवी जथा उतरावर गेला. धोक्याचा इशारा सर्वांना ठाऊक होता, तरी तिघांनी प्राण गमावले. एकट्याला निदान या सामूहिक भिडेचा जाच नसतो. तो मागे फिरला, तर कोणाचा हिरमोड होत नाही. एकांताची ही खरी जमेची बाजू आहे. तथापि त्याची चूक दाखवून देणारा दुसरा डोळाही तेथे नसतो.

या दोन्ही बाजू तोलल्यावर एकच निष्कर्ष निघतो. सोबत असताना जो उतार ‘बहुधा ठीक’ म्हणून स्वीकारता येतो, तो एकट्याने स्वीकारू नये. एकट्याने ३० अंशांपेक्षा कमी उताराचीच भूमी निवडावी आणि माथ्यावर तीव्र उतार टांगलेला नाही ना, हेही पाहावे. युरोपातील धोका-पट्टीवर पाच पायऱ्या आहेत. त्यांतील तिसरी पायरी मधली वाटली, तरी स्वित्झर्लंडमधील पुष्कळसे मृत्यू त्याच पायरीवर घडतात. त्या दिवशी एकट्याने तीव्र उताराच्या वाटेला न गेलेलेच बरे.

हा विचार केवळ परदेशापुरता नाही. गुलमर्ग येथील अफरवट पर्वतावर गंडोला सुमारे ३,९०० मीटरांपलीकडे नेऊन सोडतो आणि तेथून न आखलेले उतार हाकेच्या अंतरावर असतात. या परिसरात फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. त्यांच्यासोबत इतर जण होते, हे लक्षात घ्यावे. शिवाय परदेशात सहज वापरले जाणारे उपग्रह-संपर्क साधन भारतात परवानगीवाचून बाळगणे कायद्याने निषिद्ध आहे. त्याच्या भरवशावर येथे एकट्याने निघणे दुहेरी चूक ठरेल.

आपल्या घरातील मुलगा वा मुलगी अशा वाटेने निघत असेल, तर मनाई किंवा कौतुक यांपेक्षा चार प्रश्न अधिक उपयोगी पडतील. आजचे हिमस्खलन-पत्रक काय म्हणते? वाटेतील सर्वांत तीव्र उतार किती अंशांचा? परतण्याची वेळ कोणती, आणि ती टळल्यास कोणी कोणाला कळवायचे? कोणती खूण दिसताच मागे फिरणार? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर देताना हिशेब झाला आहे की नाही, ते कळते. तिसऱ्याने घरच्यांच्या हाती काही करण्याजोगे उरते. चौथ्याचे उत्तर मात्र घरातून निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. कारण समोर शुभ्र, अस्पर्श उतार पसरलेला असताना ते सुचणे कठीण असते.